पुस्तक आलंय, फॉलोअर्सना मदत कशी मागायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं-दुसरं पुस्तक येऊ घातलेल्या किंवा दिवाळी अंकात कथा छापून आलेल्या मराठी लेखकांकडून हे प्रश्न सतत येतात. खाली ॲप्सच्या मर्यादा आणि नियम दिलेत, ते त्या त्या ॲपचे आहेत. ‘तीन आठवडे’, ‘वीस जण’ असे आकडे मात्र ठोकताळे समजा. आपल्या पुस्तकाप्रमाणे कमी-जास्त करा.

स्वतःच्या पुस्तकाबद्दल स्वतःच सांगत सुटणं बरं दिसतं का?

स्तुती केली तर बरं दिसत नाही. माहिती दिली तर कुणाचीच तक्रार नसते. ‘अंतर्मुख करणारा, काळजाला हात घालणारा संग्रह’ हे वाचकाने म्हणायचं. ‘नऊ कथा, १६० पानं, ३०० रुपये, अमुक तारखेला येतोय’ हे तुम्ही म्हणायचं. शिवाय आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत ही जुनी रीत आहे. पुस्तक छापण्याआधी वाचकाने पैसे भरून नाव नोंदवायचं आणि छपाईचा भार हलका करायचा. फेसबुकवर ‘नोंदणी करा’ म्हणणं हे त्याचंच पुढचं रूप, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

फॉलोअर्सकडे नेमकं काय मागायचं?

एका वेळी एकच काम. बहुतेकांचं इथेच बिनसतं. ‘पुस्तक घ्या, वाचा, अभिप्राय द्या, शेअर करा, मित्रांना सांगा, पेज लाइक करा’ अशी सहा कामं एका पोस्टमध्ये दिली, की वाचणारा लाइकचा अंगठा देऊन पुढे सरकतो. त्याला वाटतं, आपलं काम झालं.

कामं त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळी करा. स्टेटसला मुखपृष्ठ ठेवायला दहा सेकंद लागतात आणि ते कुणीही करतं. एका ओळखीच्या माणसाला मेसेज पाठवायला थोडा विचार करावा लागतो. पुस्तक विकत घ्यायला पैसे लागतात, आणि चार ओळींचा अभिप्राय लिहायला वेळ आणि धीर. हलकं काम सगळ्यांना सांगा. जड काम नाव घेऊन, मोजक्या माणसांना, खासगीत सांगा. आणि मुदत घाला. ‘जमेल तेव्हा’ म्हटलेलं काम जमत नाही, ‘रविवारपर्यंत’ म्हटलेलं होतं.

माझे चार हजार फ्रेंड आहेत. सगळ्यांना एकदम सांगू का?

नको. आधी वीस ते तीस माणसांची यादी काढा. तुमच्या पोस्टवर नुसतं ‘छान’ न लिहिता दोन वाक्यं लिहिणारे, पूर्वी तुमचं काही स्वतःहून पुढे पाठवलेले, वाचनालयाशी किंवा शाळा-कॉलेजशी जोडलेले लोक यात घ्या. या यादीत नातेवाईक कमी आणि वाचक जास्त हवेत. काका-मामा कौतुक भरपूर करतात, पण त्यांचं वर्तुळ आणि तुमचं वर्तुळ एकच असतं. नवीन माणूस त्यातून येत नाही.

या लोकांना जाहीर घोषणेच्या दोन-तीन दिवस आधी कळवा आणि सगळं तयार हातात द्या: मुखपृष्ठाची प्रतिमा, चार ओळींचा मजकूर, नोंदणीची लिंक. ‘तुमच्या शब्दांत लिहा’ एवढंच सांगून सोडलं, तर दहातले आठ जण लिहायला बसतच नाहीत. तयार मजकूर दिला की त्यात दोन शब्द बदलून ते टाकून देतात.

मजकूर कसा असावा? एखादा नमुना द्या.

आधी, जो चालत नाही तो:

‘नमस्कार मित्रहो, आपल्या सर्वांच्या आशीर्वादाने व शुभेच्छांनी माझे पहिलेवहिले पुस्तक लवकरच आपल्या भेटीस येत आहे. तरी सर्वांनी जास्तीत जास्त शेअर करून सहकार्य करावे ही नम्र विनंती.’

यात पुस्तकाचं नाव नाही, ते कशाचं आहे ते नाही, किंमत नाही, तारीख नाही. ‘जास्तीत जास्त’ म्हणजे किती, हेही नाही. फेसबुक असो वा व्हॉट्सॲप, लांब मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं दुमडलं जातं. त्या मोक्याच्या ओळी इथे आशीर्वादात गेल्या.

आता हा:

‘माझा पहिला कथासंग्रह १२ तारखेला येतोय. नऊ कथा, सगळ्या एसटी स्टँडच्या आसपास घडणाऱ्या. छापील किंमत ३००, पण ५ तारखेपर्यंत नोंदवलात तर २२० रुपयांत घरपोच. तुमच्या ओळखीत कथा वाचणारं एक माणूस असेल, तर त्याला हा मेसेज पाठवाल का? एकालाच.’

खाली पुस्तकाचं नाव, तुमचं नाव आणि लिंक. ‘एकालाच’ हा शब्द मुद्दाम आहे. दहा जणांना पाठवा म्हटलं की माणूस पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये टाकून मोकळा होतो, आणि ग्रुपमध्ये टाकलेलं कुणीच आपल्यासाठी आहे असं मानत नाही. एकाला पाठवायचं म्हटलं की तो कुणाला पाठवावं याचा विचार करतो. तो विचारच तुम्हाला हवाय.

व्हॉट्सॲपवर मेसेज फार पुढे जात नाही. का?

तीन कारणं नेहमी सापडतात.

पहिलं, ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची सोय. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. प्रकाशन सोहळ्यात वहीवर नंबर लिहून दिलेल्या माणसाने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसतो. म्हणून नंबर घेताना तिथल्या तिथे त्याला एक ‘नमस्कार’ पाठवा आणि सेव्ह करायला सांगा.

दुसरं, फॉरवर्डची मर्यादा. कुठलाही मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड होतो. तो बऱ्याच हातांतून गेला की त्यावर दुहेरी बाण येतो आणि मग एका वेळी एकाच चॅटमध्ये जातो. दुहेरी बाण दिसला की लोक त्याला ‘सकाळच्या सुविचारा’च्या रांगेत बसवतात, हे वेगळंच. उपाय सोपा आहे: ‘फॉरवर्ड करू नका, कॉपी करून वर तुमची एक ओळ लिहा आणि पाठवा’ असं सांगा. कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरावर फॉरवर्डचा शिक्का येत नाही, आणि वरची एक ओळ (‘ही माझ्या शेजारची, चांगलं लिहिते’) तुमच्या अख्ख्या मजकुरापेक्षा जास्त काम करते.

तिसरं, अनोळखी नंबरांवर एकगठ्ठा मेसेज. कुठून तरी ‘साहित्यप्रेमी’ यादी मिळवून सगळ्यांना पाठवलं, दहा-वीस जणांनी रिपोर्ट केलं, की नंबर बंद होऊ शकतो. मग नोंदणीचा तोच नंबर छापलेली पोस्टरं घेऊन बसा. नियमित वाचकांसाठी चॅनल काढणं बरं. तिथे लोक स्वतःहून येतात आणि एकमेकांचे नंबर कुणाला दिसत नाहीत.

माझं लिखाण फिरतं, पण माझ्या नावाशिवाय. काय करावं?

कारण नाव शेवटच्या ओळीत असतं. लांब मजकूर बोटाने निवडताना शेवटची ओळ सुटते. कधी जाणूनबुजून गाळतात. दोन-तीन हातांत गेलं की खाली ‘साभार’ किंवा ‘लेखक अज्ञात’ चिकटतं. नाव मथळ्याखाली लिहा आणि मजकुराच्या मध्ये कुठे तरी पुस्तकाचं नाव सहज येऊ द्या, म्हणजे ते काढायला वाक्य मोडावं लागेल. ‘नावासह शेअर करायला हरकत नाही’ ही ओळ सुरुवातीलाच टाका. परवानगी दिली की चांगली माणसं ती पाळतात. छोटा उतारा असेल तर तो प्रतिमेत टाका, कोपऱ्यात नाव आणि मुखपृष्ठ.

फेसबुकवर लोक शेअर करतात, तरी कुणाला दिसत नाही म्हणतात.

आधी पोस्टच्या तारखेशेजारचं चिन्ह बघा. तिथे दोन माणसांचं चिन्ह असेल तर पोस्ट फक्त तुमच्या फ्रेंड्ससाठी आहे. कुणी ती शेअर केली तरी त्यांच्या मित्रांना ‘हा मजकूर उपलब्ध नाही’ अशीच पाटी दिसते. पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह हवं. शंभरातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी सवय ‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये’. लिंक असलेली पोस्ट कमी लोकांना दाखवली जाते या समजुतीने हे करतात. फायदा किती यावर वाद आहे, तोटा मात्र नक्की आहे: पोस्ट शेअर होते तेव्हा कमेंट सोबत जात नाही. वाचक पोचतो, दुकानाचा पत्ता मागेच राहतो. मदत मागायच्या पोस्टमध्ये तरी लिंक किंवा नोंदणीचा नंबर मजकुरात आणि पोस्टरवर, दोन्हीकडे ठेवा.

तिसरं म्हणजे ‘खरे मराठी असाल तर शेअर कराल’, ‘पाच मित्रांना टॅग करा’ ही भाषा. लाइक, शेअर, टॅग उकळणाऱ्या अशा पोस्ट खाली ढकलायचं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं. खरी मदत किंवा सल्ला मागणाऱ्या पोस्टला हा नियम लागू नाही, असंही तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे साधं बोललात तर अडचण नाही.

‘शेअर करा आणि पुस्तक जिंका’ अशी स्पर्धा ठेवू का?

फेसबुकच्या नियमांत स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करणं किंवा मित्राला टॅग करणं ही सहभागाची अट ठेवता येत नाही. कमेंटमध्ये उत्तर लिहायला सांगता येतं. तेव्हा एक प्रश्न विचारा (‘तुमच्या गावच्या स्टँडवर काय चांगलं मिळतं?’), चिठ्ठी काढा, दोन प्रती द्या. अशा कमेंट लोक वाचत बसतात, त्यामुळे पोस्टही टिकते. फेसबुकचा या स्पर्धेशी संबंध नाही अशी एक ओळ खाली लिहावी लागते, ती विसरू नका.

पोस्टमध्ये पन्नास जणांना टॅग केलं तर?

करू नका. टॅग केलेल्यांच्या मित्रांना ती पोस्ट दिसते हे खरं, पण पुढच्या वेळी ते लोक टॅग बंद करून ठेवतात आणि बोलून दाखवत नाहीत. मुखपृष्ठकार, संपादक, प्रकाशक यांना टॅग करा, तो त्यांच्या श्रेयाचा भाग आहे.

इन्स्टाग्रामवर काय वेगळं?

कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक दाबली जात नाही. लोक तरी टाकतात, आणि वाचकाने ती पाठ करून टाइप करावी अशी अपेक्षा ठेवतात. लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा (पाचपर्यंत ठेवता येतात) आणि स्टोरीत लिंकचं स्टिकर लावा. फॉलोअर्सना सांगायचं ते हे: ‘पुस्तक हातात आलं की फोटो स्टोरीला टाका आणि मला मेन्शन करा.’ मेन्शन केलं की तुम्हाला कळतं आणि ती स्टोरी तुमच्या स्टोरीत घेता येते. नुसतं पुस्तकाचं नाव लिहिलं तर तुम्हाला कळतही नाही. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून चांगल्या स्टोरी हायलाइटमध्ये पुस्तकाच्या नावाने जमा करा. फोटो टाकणाऱ्याचं खातं प्रायव्हेट असेल, तर पुढे वापरण्याआधी त्यांना विचारा.

प्रतिमा पोस्टसाठी १०८० × १३५० आणि स्टोरीसाठी १०८० × १९२० पिक्सेलची करून घ्या. निमंत्रणपत्रिकेचं आडवं डिझाइन तसंच चढवलं, तर तारीख वाचायला भिंग लागतं.

डीटीपीवाल्याने दिलेला मजकूर फेसबुकवर भलताच दिसतो.

तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखं दिसणाऱ्या टायपिंगमध्ये नाही. छपाईसाठी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर कॉपी केला, की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा उमटतो. एक तर कन्व्हर्टरमधून काढून नीट तपासा (रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात), नाही तर सरळ फोनवर नव्याने टाइप करा. चार ओळींना पाच मिनिटं लागतात. पोस्टर बनवून घेताना ‘प्रसिद्ध’, ‘उद्घाटन’, ‘वाङ्मय’ हे शब्द मोठे करून बघा. लेखकाच्या पोस्टरवर शुद्धलेखन चुकलं, तर कमेंटमध्ये पुस्तकाऐवजी त्याचीच चर्चा होते.

एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) जागा पुरत नाही.

तिथे साध्या खात्याला एका पोस्टमध्ये २८० चिन्हांची मर्यादा आहे, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं सुटं मोजलं जातं. ‘प्रकाशनपूर्व’मध्ये आपण सहा अक्षरं मोजतो, एक्स बारा मोजतं. लिंक कितीही लांब असली तरी २३ धरली जाते. तेव्हा दोन छोटी वाक्यं, लिंक आणि मुखपृष्ठ. हॅशटॅग घ्यायचाच तर एकच ठरवा. ‘दिवाळीअंक’ आणि ‘दिवाळी_अंक’ हे शोधताना दोन वेगळे टॅग ठरतात.

नोंदणी कशी घ्यावी? लोक ‘मला एक’ अशी कमेंट करतात आणि गायब होतात.

‘मला एक’ म्हणजे नोंदणी नव्हे. गूगल फॉर्म करा: नाव, पूर्ण पत्ता, सहा आकडी पिनकोड, मोबाइल, किती प्रती, यूपीआयने पैसे भरल्याचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. शेवटी एक प्रश्न, ‘कुठून कळलं?’ पर्याय द्या: फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, ओळखीतून, वाचनालय. कुणाची मदत खरंच उपयोगी पडली ते यातूनच कळतं. लाइकवरून कळत नाही.

फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘निकालांचा सारांश दाखवा’ हा पर्याय बंद आहे ना ते बघा. तो चालू राहिला तर नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्ते आणि मोबाइल नंबर दिसतात. क्यूआर कोड प्रकाशकाच्या खात्याचा वापरा, म्हणजे हिशेबाची कटकट तुमच्या गळ्यात येत नाही. आणि ‘मला एक’ म्हणणाऱ्याला जाहीर उत्तराऐवजी खासगीत फॉर्म पाठवा, दोन दिवसांनी एकदाच आठवण करा.

ॲमेझॉनवर अभिप्राय लिहायला घरच्यांना सांगू का?

घरचे आणि जवळचे मित्र नकोत, तसा ॲमेझॉनचा नियमच आहे. पैसे किंवा भेट देऊन अभिप्राय घेणंही चालत नाही. ‘मी तुमच्या पुस्तकावर लिहितो, तुम्ही माझ्यावर लिहा’ ही देवाणघेवाणही बसत नाही. असे अभिप्राय काढून टाकले जातात आणि कधी कधी सोबत खरेही जातात. प्रकाशकाकडून थेट पुस्तक घेतलेला वाचक तिथे लिहू शकतो, फक्त त्यावर खरेदीची खूण येत नाही. मागताना असं सांगा: ‘पुस्तक वाचून झालं असेल तर कोणती कथा आवडली, कोणती नाही, ते तीन ओळींत लिहाल का?’ प्रश्न नेमका असला की उत्तरही ‘अप्रतिम!!!’च्या पलीकडे जातं.

पुस्तकांबद्दल व्हिडिओ करणाऱ्यांना फुकट प्रत द्यावी का?

द्या, पण आधी त्यांची शेवटची दहा पुस्तकं बघा. स्वयंविकासाची पुस्तकं दाखवणाऱ्याला ग्रामीण कथासंग्रह पाठवून उपयोग नाही. प्रत पाठवायच्या आधी विचारा, पत्ता न मागता ‘पाठवू का?’ असं विचारा. चांगलंच बोला अशी अट घालू नका. जाहिरात मानक परिषद (ASCI) या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल बोलताना तसं सांगावं लागतं. ‘लेखकाकडून भेट प्रत’ एवढं पुरतं का, की ठरलेलं लेबल लावायचं, हे त्यांना तपासायला सांगा. वर्तमानपत्रांना मात्र अभिप्रायार्थ बहुतेक ठिकाणी दोन प्रती द्याव्या लागतात. लेखकाला करारानुसार मिळणाऱ्या प्रती मोजक्या असतात, त्यात हा हिशेब आधीच धरा, नाही तर सगळ्या ‘सप्रेम भेट’मध्ये संपतात.

‘पीडीएफ मिळेल का?’ याला काय उत्तर द्यायचं?

रागावू नका, विचारणाऱ्याला वाचायचं तर आहे. प्रकाशकाची परवानगी घेऊन आठ-दहा पानांची नमुना पीडीएफ करा: मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, एक पूर्ण कथा, शेवटच्या पानावर नोंदणीची लिंक. कथा अर्धी तोडू नका, त्याने लोक चिडतात. ही पीडीएफ कितीही फिरली तरी तुमचंच काम करते. अख्खं पुस्तक ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणून एकालाही देऊ नका. ते संध्याकाळपर्यंत ग्रुपवर असतं.

ज्यांना विकत घेणं जमत नाही, ते काय मदत करू शकतात?

सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा प्रश्न. त्यांना सांगा, गावातल्या वाचनालयात जा आणि मागणी नोंदवा. ग्रंथपालाला चार गोष्टी लागतात: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. त्या एका छोट्या प्रतिमेत लिहून फॉलोअर्सना द्या, फोन दाखवला की काम झालं. महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत आणि अनुदान हातात आलं की त्यांची खरेदी होते. एकाच पुस्तकाची दोन-तीन सभासदांनी मागणी केली असेल तर ते यादीत वर जातं. एका वाचनालयातली एक प्रत वर्षभर हातोहात फिरते.

माझी कथा दिवाळी अंकात आलीय, पुस्तक नाही. मग?

अंकाचं नाव, किंमत आणि पान क्रमांक लिहा. पान क्रमांक कुणी लिहीत नाही. बरेच वाचक दिवाळी अंक वाचनालयाच्या योजनेतून वाचतात. हातात अंक असताना ‘पान ११२’ आठवलं की ते उघडतात. कथा लगेच फेसबुकवर टाकू नका, संपादकांना विचारा किती दिवस थांबायचं ते. तोवर सुरुवातीचा एक परिच्छेद पुरे.

परदेशातल्या वाचकांना काय सांगू?

छापील पुस्तक टपालाने पाठवायचा खर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त होतो. दोन वाटा ठेवा: ई-बुक असेल तर त्याची लिंक, नाही तर भारतातला पत्ता. पुण्या-नाशकात आई-वडील असतात, पुस्तक तिथे पोचतं आणि कुणाच्या तरी बॅगेतून लोणच्याबरोबर जातं. पोस्ट रात्री नऊला टाकली तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. तिथल्या महाराष्ट्र मंडळांची वार्तापत्रं असतात. मंडळात असलेल्या वाचकाला त्यात चार ओळी टाकायची विनंती करा.

किती वेळा सांगितलं म्हणजे पुरे?

प्रकाशनाआधी तीन आठवडे ते प्रकाशनानंतर एक महिना, या काळात थेट मागणी चार-पाच वेळा: नोंदणी सुरू झाली, नोंदणीचे दोन दिवस उरले, पुस्तक आलं, वाचलं असेल तर लिहा. मधल्या पोस्टमध्ये काही मागू नका. मुखपृष्ठाची रेखाटनं, एखादा उतारा, छापखान्यातल्या फर्म्यांचा (छापलेल्या, अजून न बांधलेल्या पानांचा) फोटो असं काही द्या. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा पुस्तक दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन या तारखांना लोक स्वतःहून पुस्तकांबद्दल लिहितात. पण त्या दिवशी गर्दीही तेवढीच असते, नवी घोषणा आदल्या आठवड्यात करा.

कुणी वाईट लिहिलं तर मित्रांना उत्तर द्यायला सांगू का?

अजिबात नाही. दहा मित्र एका वाचकावर तुटून पडले की त्याचा स्क्रीनशॉट फिरतो आणि पुढचे सगळे वाचक गप्प बसतात. छपाईची चूक दाखवली असेल तर आभार मानून पान क्रमांक विचारून घ्या आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहून ठेवा. न आवडल्याचं लिहिलं असेल तर ‘वाचलंत, कळवलंत, आभार’ एवढं लिहा आणि त्या धाग्यावर परत जाऊ नका.